ज्यांचे फोटो, त्यांची नावे

लीड्स शहराच्या जुन्या वस्त्यांचे जे फोटो आज सर्वांत जिव्हाळ्याने पाहिले जातात, त्यांतले बरेचसे त्या वस्त्या पाडता याव्यात म्हणून काढलेले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी यॉर्क स्ट्रीट आणि क्वारी हिल या भागांतील दाटीवाटीची घरे आरोग्याला घातक असल्याचे नगरपालिकेने ठरवले. ती ताब्यात घेऊन जमीनदोस्त करायची तर पुरावा हवा, म्हणून तिथल्या गल्ल्या, बोळ आणि आवारे कॅमेऱ्यात उतरवून घेण्यात आली. ओल चढलेल्या भिंती, अनेक बिऱ्हाडांत मिळून असलेले शौचकूप, ऊन न पोचणारे कोंदट चौक असे सगळे त्यांत आहे. फोटोग्राफरला घरांची अवस्था दाखवायची होती, माणसांशी त्याला कर्तव्य नव्हते. पण माणसे फोटोत आलीच. कुणी बाई एप्रनला हात पुसत दारात उभी आहे, कुणी पडद्याआडून पाहते आहे, आणि अंधाऱ्या आवारात शटर अधिक वेळ उघडे ठेवावे लागत असल्यामुळे धावत्या मुलांच्या जागी नुसता धुरकट पट्टा उमटला आहे. फोटोखाली गल्लीचे नाव नोंदलेले असते, दारातल्या बाईचे नसते.

मी गेली बरीच वर्षे लीड्समध्ये राहते आहे, आणि उत्तर इंग्लंडमधल्या गावोगावच्या जुन्या फोटोंचा मला जो ध्यास लागला आहे, त्याचे मूळ नोंदीतल्या या उणिवेत आहे. फोटो कोणी काढला आणि कशासाठी काढला, हे तो काढला त्याच दिवशी ठरून जाते. तो कुणाचा आहे, हे ठरायला मात्र कधीकधी साठ-सत्तर वर्षे जावी लागतात, आणि ते ठरवणे त्या गल्लीत वाढलेल्या माणसांनाच शक्य असते. इथल्या वाचनालयांत, चर्चच्या सभागृहांत आणि कामगारांच्या क्लबांत दुपारच्या वेळी टेबलांवर फोटो मांडले जातात, पंचाहत्तरी-ऐंशी ओलांडलेली माणसे चष्मे पुसत त्यांच्याभोवती बसतात, आणि चहा गार होईपर्यंत बोलत राहतात. त्याला कुणी संशोधन म्हणत नाही. माझ्या मते मात्र या प्रदेशाच्या इतिहासाचा फार मोठा भाग या टेबलांवर लिहिला जातो, आणि तो अन्यत्र कुठेही लिहिला जाण्याची शक्यता नाही.

लीड्समधल्या अशा बैठकीत बसायचे तर ‘बॅक-टू-बॅक’ घरे म्हणजे काय हे आधी समजून घ्यावे लागते. घरांच्या दोन रांगा एकमेकींना पाठ लावून बांधलेल्या असतात, त्यामुळे मधल्या प्रत्येक घराच्या तीन भिंती शेजाऱ्यांशी सामाईक असतात आणि दार-खिडक्या काय त्या एकाच, रस्त्याकडच्या बाजूला असतात. मागचे अंगण नाही, परसू नाही. अशी घरे नव्याने बांधण्यावर १९०९ च्या कायद्याने बंदी आणली. पण ज्यांचे नकाशे आधीच मंजूर झालेले होते ती बांधली जात राहिली, आणि लीड्समध्ये हे बांधकाम १९३७ पर्यंत चालू होते. आजही शहरात हजारो कुटुंबे अशा घरांत राहतात. अंगण नसल्यामुळे धुणे रस्त्यावरच वाळत पडे. सोमवार हा धुण्याचा दिवस, आणि त्या दिवशी समोरासमोरच्या घरांमध्ये दोऱ्या बांधून साऱ्या गल्लीवर चादरी आणि सदरे फडफडत असत. लालबागच्या चाळीत गॅलरीतल्या दोरीखालून वाकून शाळेत जाणाऱ्या मला तो फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा कुणी समजावून सांगावे लागले नाही.

असाच एक फोटो टेबलावर होता. गल्लीच्या नावाची पाटी कडेला अर्धी कापली गेलेली, त्यामुळे जागा कोणती ते कळेना. एका आजींनी कोपऱ्यावरच्या दुकानाची पायरी पाहिली आणि गल्लीचे नाव सांगून टाकले. त्या दुकानाच्या दाराची एक बाजू कायम बंद असे, त्यामुळे सगळ्यांचे पाय एकाच कडेला पडत आणि दगड तेवढाच झिजला होता. शनिवारी उधारी चुकवायला आई त्यांनाच पाठवी, म्हणून ती पायरी त्यांच्या लक्षात राहिली होती. शेजारच्या दुसऱ्या आजींना गल्ली पटली, पण ते किराणा दुकान नव्हतेच, तिथे मासे आणि बटाट्याचे तळलेले चिप्स मिळत, असे त्या ठामपणे म्हणाल्या. दोघींत बराच वेळ वाद झाला. अखेर ग्रंथपालांनी केलीच्या जुन्या निर्देशिका काढल्या. या निर्देशिकांत रस्त्यांच्या क्रमाने, घर क्रमांकासह, तिथल्या रहिवाशांची आणि दुकानदारांची नावे छापलेली असत. वेगवेगळ्या वर्षांचे खंड लावून पाहिल्यावर दोघीही बरोबर निघाल्या: किराणा दुकान आधी होते, चिप्स नंतर आले. दोघींच्या वयांतले अंतरच त्या वादात बोलत होते.

हा प्रसंग मी मुद्दाम सांगते आहे, कारण वृद्धांच्या आठवणींवर विसंबू नये असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. आठवण जागा आणि माणूस पक्के धरून ठेवते, साल मात्र तिच्या हातून सहज सुटते. फोटोत एक क्षण अचूक बसलेला असतो, पण त्याच्या आधी काय होते आणि नंतर काय झाले याचा त्यात मागमूस नसतो. निर्देशिकेत नाव मिळते, पायरी का झिजली ते मिळत नाही. तिन्ही एका टेबलावर आल्याखेरीज त्या कोपऱ्याचा इतिहास पुरा होत नाही.

साल ठरवण्याच्या इथल्या लोकांच्या युक्त्या मला फार आवडतात. ट्रॅमचे रूळ दिसत असतील आणि त्यांवर ट्रॅम धावत असेल, तर लीड्सचा फोटो १९५९ च्या नोव्हेंबरपूर्वीचा, कारण तेव्हा शेवटची ट्रॅम धावली. शेफील्डची पहिली ट्रॅमव्यवस्था १९६० च्या ऑक्टोबरात थांबली. छपरांवर टेलिव्हिजनच्या अँटेनांची गर्दी असेल तर एलिझाबेथ राणीच्या १९५३ च्या राज्याभिषेकाच्या आसपासचा किंवा नंतरचा. सर्वांत खात्रीची खूण म्हणजे दगडाचा रंग. कथबर्ट ब्रॉड्रिक या वास्तुविशारदाने बांधलेले, १८५८ साली व्हिक्टोरिया राणीच्या हस्ते उघडलेले लीड्सचे टाउन हॉल आज फिकट पिवळसर दिसते. जुन्या फोटोंत ते कोळशासारखे काळेभोर आहे. गिरण्यांची आणि घरोघरच्या शेगड्यांची काजळी शंभर वर्षे त्या दगडावर बसत होती. १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर धूर कमी होत गेला आणि १९७० च्या दशकात इमारत धुऊन काढली. इथे वाढलेल्या एका गृहस्थांनी मला सांगितले की दगड मुळात काळाच असतो अशी लहानपणी त्यांची समजूत होती.

काजळीशी बायकांचा जो रोजचा झगडा होता तोही फोटोंत दिसतो, पण पाहणाऱ्याला तो ठाऊक असावा लागतो. दाराच्या पायरीची कड पांढरी किंवा मातकट पिवळी दिसली, तर ती ‘डाँकी स्टोन’ने घासलेली असते. भंगारवाला जुन्या चिंध्या घेऊन त्यांच्या बदल्यात हे वडीसारखे घासणीचे दगड देई, आणि बाई गुडघ्यांवर बसून पायरी घासून तिची कड रंगवी. रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला घराची टापटीप पायरीवरून कळत असे. नगरपालिकेच्या फोटोग्राफरने ज्या घरांना घाणेरडे ठरवण्यासाठी फोटो काढले, त्यांतल्याही काही पायऱ्या अशा घासलेल्या दिसतात. घर कोंदट होते, गटार तुंबलेले होते, आणि त्यात राहणारी बाई रोज पायरी घासत होती, हे सगळे एकाच फोटोत आहे. पहिल्या दोन गोष्टी अहवालात गेल्या. तिसरी सांगायला तिच्या नातीला टेबलापर्यंत यावे लागले.

क्वारी हिलची गोष्ट तिथेच संपत नाही. जुनी घरे पाडल्यावर त्या जागी आर. ए. एच. लिव्हेट यांच्या आराखड्याप्रमाणे ९३८ सदनिकांची प्रचंड वसाहत उभी राहिली आणि १९३८ मध्ये लोक तिथे राहायला आले. प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतःचे न्हाणीघर होते, आणि स्वयंपाकघरातल्या मोरीतूनच केरकचरा खाली वाहून नेणारी फ्रेंच पद्धतीची यंत्रणा होती. त्या काळी ती वसाहत आदर्श मानली गेली. पुढे बांधकामातले दोष उघडे पडले, आणि १९७८ पर्यंत तीही पाडून टाकली. आता तिथे नाट्यगृह आणि सरकारी कचेरी आहे. एकाच टेकडीवरून पाऊणशे वर्षांच्या आत दोनदा सगळी माणसे उठवली गेली, त्यामुळे तिथल्या फोटोंवर बोलायला दोन निरनिराळ्या पिढ्यांची, दोन निरनिराळ्या घरांची आठवण असलेली माणसे येत, आणि दोघांनाही आपलेच क्वारी हिल खरे वाटे.

पेनाइन डोंगररांग ओलांडून पश्चिमेला लँकेशायरमध्ये गेले की फोटोंचा पोत बदलतो. इथल्या घराघरांत ब्लॅकपूलच्या समुद्रकिनाऱ्यावरचा फोटो निघतोच. गिरणीगावांत ‘वेक्स वीक’ नावाची वार्षिक सुट्टी असे: ठरलेल्या आठवड्यात गावातल्या सगळ्या गिरण्या एकदम बंद होत, धुराडी थंड पडत आणि अख्खे गाव आगगाडीने समुद्राकडे निघे. प्रत्येक गावाचा आठवडा वेगळा असल्यामुळे ब्लॅकपूलला उन्हाळाभर पाळीपाळीने एकेक गाव येत राही, आणि बोर्डिंग हाउसमध्ये शेजारच्या खोलीतही आपल्याच गल्लीतली माणसे उतरलेली असत. ही सुट्टी बराच काळ बिनपगारी होती. त्यासाठी लोक वर्षभर क्लबात पैसे साठवत. पगारी सुट्टीचा कायदा १९३८ साली झाला. समुद्रालगतच्या फरसबंदीवर फोटोग्राफर उभे असत. चालत येणाऱ्या माणसांचा ते न सांगताच फोटो काढत आणि हातात चिठ्ठी देत, ती दाखवून संध्याकाळी दुकानातून फोटो विकत घ्यायचा. त्यामुळे या फोटोंत माणसे चालता चालता, एक पाय उचललेला, अशी सापडतात. आयुष्यभर स्टुडिओत ताठ बसून फोटो काढून घेतलेल्या माणसाचा हसता चेहरा अनेक घरांत तेवढ्या एकाच फोटोत शिल्लक आहे. असा फोटो टेबलावर आला, की मागे तारीख नसली तरी गाव सांगणारा कुणी भेटला तर महिना आणि आठवडा निश्चित होतो, कारण आपली वेक्स कधी असे हे इथे कुणीही विसरत नाही.

अनोळखी माणसांनी काढलेल्या फोटोंत सर्वांत नामांकित आहेत ते बोल्टनचे. १९३७ मध्ये टॉम हॅरिसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘मास ऑब्झर्व्हेशन’ ही संस्था सुरू केली. एखाद्या दूरच्या जमातीचा अभ्यास करावा तसा आपल्याच देशातल्या सामान्य माणसांचा अभ्यास करायचा, असा तिचा हेतू होता. त्यासाठी त्यांनी बोल्टनमध्ये डॅव्हनपोर्ट स्ट्रीटवर घर भाड्याने घेतले आणि आपल्या नोंदींत गावाला ‘वर्कटाउन’ असे नाव दिले. हम्फ्री स्पेंडर हा तरुण फोटोग्राफर जुन्या कोटाखाली लायका कॅमेरा लपवून पबांत, निवडणुकीच्या सभांत, अंत्ययात्रांत आणि फुटबॉलच्या मैदानावर हिंडला, आणि त्याने नऊशेच्या आसपास फोटो काढले. तो वरच्या वर्गातला, दक्षिणेतून आलेला. आपण या लोकांच्या आयुष्यात घुसखोरी करतो आहोत ही बोच त्याला होती आणि उतारवयात त्याने ती बोलूनही दाखवली. ते फोटो दशकानुदशके फारसे कुणी पाहिले नाहीत. आता ते बोल्टनच्या संग्रहालयात आहेत. चोरून फोटो काढण्याची ती रीत मला मान्य होण्यासारखी नाही, तरीही त्या फोटोंचे मोल मी कमी लेखणार नाही, कारण पबच्या बाकावर डोमिनो खेळणाऱ्या म्हाताऱ्यांचा फोटो त्या काळी दुसऱ्या कुणी काढला नसता. त्या म्हाताऱ्यांना नावे देण्याचा हक्क मात्र बोल्टनच्या माणसांचा आहे, असे मला अगदी मनापासून वाटते.

त्याही आधी, फक्त तिकिटे खपावीत म्हणून, लँकेशायर-यॉर्कशायरच्या कामगारांचे जेवढे चेहरे टिपले गेले तेवढे कोणत्याही अभ्यासासाठी टिपले गेले नसतील. सेगार मिचेल आणि जेम्स केन्यन यांनी १८९७ मध्ये ब्लॅकबर्नला चलच्चित्रांची कंपनी काढली. जत्रांतून तंबूत चित्रे दाखवणारे खेळवाले त्यांना काम देत: गिरणी सुटण्याच्या वेळी दारासमोर कॅमेरा लावायचा, आणि बाहेर पडणाऱ्या लोंढ्याला ‘या आणि स्वतःला पडद्यावर पाहा’ असे आमंत्रण द्यायचे. जितके चेहरे जास्त तितकी तिकिटे जास्त, असा साधा हिशेब होता. ही रिळे पुढे विसरली गेली. १९९४ साली ब्लॅकबर्नमध्ये नॉर्थगेट रस्त्यावरच्या एका जुन्या दुकानात काम करणाऱ्या मजुरांना तळघरात धातूची तीन पिंपे मिळाली, आणि त्यांत आठशेहून अधिक रिळे निघाली. पीटर वर्डन या स्थानिक अभ्यासकाने ती जपली आणि २००० साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या स्वाधीन केली. त्यांत डोक्यावरून शाल घेतलेल्या बायका आहेत, लाकडी तळव्यांचे क्लॉग घातलेली पुरुषमंडळी आहेत, आणि पुष्कळ मुले आहेत. वयाच्या बाराव्या वर्षापासून मुलांनी अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस शाळेत घालवायचा, अशी तेव्हा सोय होती. ती बंद करण्याचा कायदा १९१८ साली झाला. कॅमेऱ्यासमोर पुन्हा पुन्हा येऊन नाचणाऱ्या त्या पोरांना आता कुणी ओळखणे शक्य नाही. त्यांच्या गावांत ती चित्रे परत दाखवली गेली तेव्हा लोकांनी गिरणीचे दार ओळखले, समोरचा पब ओळखला, आणि आपल्या आजोबांच्या कपाळासारखे कपाळ शोधले.

सगळेच फोटोग्राफर बाहेरचे नव्हते. व्हिटबीच्या फ्रँक मेडो सटक्लिफचा पोटापाण्याचा धंदा सुट्टीवर आलेल्या पाहुण्यांचे फोटो काढण्याचा. उरलेल्या वेळात त्याने बंदरातल्या कोळ्यांचे, त्यांच्या बायकापोरांचे फोटो काढले, आणि तीच माणसे वर्षानुवर्षे त्याच्या नित्याच्या ओळखीची होती. न्यूकॅसलचे जिमी फोर्साइथ यांची हकीकत मला त्याहून हृद्य वाटते. वेल्समधून ते १९४३ साली कामासाठी आले, अपघातात एक डोळा गेला आणि नोकरीही गेली. १९५४ च्या सुमारास त्यांनी गहाणवट्याच्या दुकानातून जुना कॅमेरा घेतला आणि आपला स्कॉट्सवुड रोड पाडला जाण्याआधी तिथली माणसे, पब, दुकाने टिपायला सुरुवात केली. शेजाऱ्यांना ते फोटो देऊन टाकत. त्या फोटोंतली माणसे कॅमेऱ्याकडे शेजाऱ्याकडे पाहावे तशीच पाहतात, आणि अनेकांची नावे फोर्साइथना तोंडपाठ होती.

बाहेरच्यांनी काढलेले फोटो आणि घरातले फोटो समोरासमोर ठेवले तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. १९७० च्या दशकात मँचेस्टर पॉलिटेक्निकमधील ‘मँचेस्टर स्टडीज’ या विभागाने लोकांच्या घरी जाऊन त्यांचे अल्बम उसने घेतले, प्रत्येक फोटोची प्रत केली, त्यामागची माहिती विचारून लिहून घेतली आणि मूळ फोटो घरच्यांना परत केले. त्या काळी अभिलेखागारे जहागीरदारांची आणि कंपन्यांची कागदपत्रे जमवीत असताना कापडगिरणीतल्या कांडीवालीचा अल्बम जपून ठेवण्यालायक आहे असे म्हणणे, हे धाडसाचे काम होते. या अल्बमांत गटारे नाहीत. लग्ने आहेत, सैन्यात जाण्यापूर्वीचे गणवेशातले तरुण आहेत, आणि व्हिट वॉकच्या मिरवणुका आहेत. ईस्टरनंतर सातव्या आठवड्यात येणाऱ्या व्हिटसनच्या सणाला मुलांना वर्षातला एकच नवा पोशाख मिळे. पांढरे झगे घालून मुली बँडच्या मागून चालत, आणि सकाळी शेजाऱ्यांना कपडे दाखवायला गेल्यावर खिशात एखादे नाणे पडे. कित्येक घरांत तो पोशाख सोमवारी गहाण पडायचा, हे मात्र फोटोत नाही. ते विचारले तर सांगणारे सांगतात. नगरपालिकेने घराची दुर्दशा टिपली, कुटुंबाने आपली रविवारची प्रतिष्ठा टिपली. दोन्ही खरे आहे, आणि दोन्ही एकाच गल्लीतले आहे.

मराठी वाचकाला या सगळ्यातला एक फोटो आधीपासून परिचित असतो. २६ सप्टेंबर १९३१ रोजी लँकेशायरमधल्या डार्वेन गावात ग्रीनफील्ड मिलच्या बाहेर गांधीजी उभे आहेत आणि त्यांच्याभोवती गिरणीतल्या बायका हात उंचावून आनंदाने ओरडत आहेत. दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी ते लंडनला आलेले होते. भारतातल्या बहिष्कारामुळे आणि त्याआधीपासून चाललेल्या मंदीमुळे, तसेच जपानच्या आणि आपल्या गिरण्यांच्या स्पर्धेमुळे लँकेशायरचे माग बंद पडत होते. त्या बेकारीला तोंड देणाऱ्या माणसांना त्यांनी येऊन भेटावे असे आमंत्रण तिथूनच गेले होते. आपल्याकडे पाठ्यपुस्तकांत हा गांधीजींचा फोटो असतो. डार्वेनच्या एका गृहस्थांनी तो माझ्यासमोर ठेवला तेव्हा त्यांचे बोट गांधीजींवर गेलेच नाही. डावीकडून कोण कोण कोणत्या खात्यात होत्या, कुणाचे माग बंद होते, यावर ते बोलत राहिले; त्यांतली एक त्यांच्या आजीची मैत्रीण असल्याचे त्यांच्या घरी सांगत असत. मागांच्या खडखडाटात आवाज पोचत नसे, म्हणून या बायका ओठांच्या हालचालींवरून बोलत, आणि ती सवय घरीही जात नसे, असे त्यांनी सांगितले. त्यानंतर तो फोटो मी पाहते तेव्हा त्या बायकांच्या उघड्या तोंडांकडे पाहते.

माझे आजोबा परळच्या गिरणीत साचेखात्यात होते, म्हणून ही माणसे मला परकी वाटत नाहीत. मुंबईच्या गिरण्यांत ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची आणि बोल्टनच्या डॉब्सन अँड बार्लोची यंत्रे होती, आणि १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवीच्या काळात लँकेशायरचा कापूस आटला तेव्हा खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरातून इकडेच येत होता. आजोबांचा एकच फोटो आमच्याकडे आहे. परळच्या एका स्टुडिओत तो काढून रत्नागिरीला घरी पाठवला होता. खिशाला पेन आहे आणि मनगटावर घड्याळ आहे. ते घड्याळ खोलीतल्या जोडीदाराचे होते, असे आजी सांगत असे.

तसेच पेन आणि तशीच घड्याळे मी ब्रॅडफर्डच्या बेल व्ह्यू स्टुडिओच्या फोटोंत पाहिली. मॅनिंगहॅम लेनवरचा हा स्टुडिओ १९२६ मध्ये सुरू झाला. पुढे तो टोनी वॉकर यांनी चालवला आणि १९७५ मध्ये बंद झाला. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या पद्धतीचा मोठा लाकडी कॅमेरा, काचेच्या प्लेटा आणि नैसर्गिक उजेड यांवरच तिथे शेवटपर्यंत काम चाले, त्यामुळे फोटोही जुन्या ढंगाचे येत. लोकरीच्या गिरण्यांत रात्रपाळी करणारे पाकिस्तानी आणि भारतीय तरुण, पूर्व युरोपातले निर्वासित, कॅरिबियन बेटांवरून आलेली कुटुंबे अशी सगळी माणसे तिथे फोटो काढायला येत, आणि तो घरी पाठवत. सुमारे १७,००० काचा पुढे ब्रॅडफर्डच्या संग्रहालयांकडे आल्या. कोट नीट बसलेला, हात टेबलावर असा ठेवलेला की घड्याळ दिसावे. रात्रपाळीचा थकवा, एका खोलीत आळीपाळीने झोपणारी माणसे, यांतले काही त्यात नाही. घरच्यांना काळजी वाटू नये, असा तो फोटो असे.

यांतल्या अनेकांची नावे काचेवर नाहीत. नाव त्या प्रतीमागे लिहिलेले असते जी मायदेशी गेली. त्यांतली कित्येक घरे काश्मीरच्या पाकिस्तानकडील भागातल्या मीरपूर जिल्ह्यातली होती, आणि १९६० च्या दशकात मंगला धरण झाले तेव्हा त्या भागातल्या एक लाखाहून अधिक लोकांची गावे पाण्याखाली गेली. काही कुटुंबे त्यानंतर ब्रॅडफर्डलाच आली, आणि पेटीतून तोच फोटो परत घेऊन आली. अशा रीतीने काही प्रती आज काचेपासून मैलभराच्या अंतरावर, मॅनिंगहॅममधल्या एखाद्या घराच्या कपाटात असतील. बैठकींत अशी प्रत कुणी आणली की ती दोन्ही बाजूंनी स्कॅन करतात, मागे उर्दूत, पंजाबीत किंवा इंग्रजीत जे काही खरडलेले असेल ते वाचून घेतात, आणि नवे काही लिहायचे तर मऊ पेन्सिलीनेच लिहितात, शाईने नाही. हा कोण, असे आधी विचारत नाहीत, कारण त्याचे उत्तर पुष्कळदा ‘आमचे काका’ एवढेच मिळते. हा फोटो कुणाला पाठवला होता, असे विचारतात. मग एखाद्या गावाचे नाव येते, त्या गावातून त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या कुणाची आठवण निघते, आणि त्या दुसऱ्याच्या घरी फोन लावला जातो.